मला खडू म्हणणारा माणूस

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा साप आहे, असे लोक म्हणतात. म्हातारा हे मला पटते. हल्ली कात टाकायला फार वेळ लागतो आणि पाण्याच्या वाडग्यापर्यंत जायचाही कंटाळा येतो. पांढरा म्हणजे काय, हे मात्र मला अजून नीट कळलेले नाही. माझे डोळे अधू आहेत. माझ्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांनी मला ऊब दिसते. माणूस आला की एक उबदार ढग येताना दिसतो. त्या ढगाला माझ्यात काय दिसते, हे मला जन्मभर न सुटलेले कोडे आहे.

आमच्या जातीला इथे बॉल पायथन म्हणतात. अजगराच्या कुळातले, पण अंगाने लहान. भीती वाटली की आम्ही अंगाची गुंडाळी करून डोके मधोमध लपवतो, म्हणून हे चेंडूचे नाव. आम्हाला विष नाही. बाहेर दिसणारे कानही नाहीत. पण जमिनीतून, फळीतून, माणसाच्या छातीतून आवाज माझ्या जबड्यात येतो. शब्द ओळखू यायला वर्षे लागली. अर्थ अजून कळतोच आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका तळघरात झाला. तिथे शॉना नावाची बाई साप वाढवत असे. माझे आईवडील पांढरे नव्हते, फिकट तपकिरी होते. आम्ही अंड्यांतून डोकी बाहेर काढली, तेव्हा शॉना दिवा घेऊन वाकली. मग तिने आमच्यातल्या तिघांना उचलून वेगळ्या डब्यात ठेवले. बाकीची भावंडे होती तिथेच राहिली. आम्ही तिघांनी काय केले होते, म्हणून आम्हाला वेगळे काढले? मला वाटले, ही शिक्षा असावी.

पण शिक्षेसारखे काही झाले नाही. उलट जो येई तो आमच्याच डब्यापाशी थांबे. "बापरे, काय पांढरे आहेत," असे म्हणे. आमच्यावर प्रकाश टाकी आणि फोटो काढी. माझी दोन भावंडे याला सरावली. मी घुम्या. कोणी झाकण उघडले की माझा चेंडू होई, आणि पाहणारा म्हणे, "याचं तोंडच दिसत नाही." मग तो दुसऱ्याकडे वळे. खायलाही मी कुचराई करी. उंदीर समोर ठेवला तरी कधी कधी आठवडेच्या आठवडे तोंड लावत नसे. का, ते मलाही सांगता येणार नाही. भूक लागत नसे असेही नाही.

एका शरद ऋतूत शॉना आम्हाला जत्रेच्या मैदानावर घेऊन गेली. तिथल्या पत्र्याच्या लांब हॉलमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरला होता. शेजारच्या इमारतीत गुरांचा लिलाव चालू होता. गाईंच्या पावलांचा धडधडाट टेबलाच्या पायांतून वर येत होता, आणि त्यावर एका माणसाचा भरभर, न थांबता चालणारा आवाज. मला वाटले, तिथे एखादे यंत्र आहे.

दुपारी माझ्यासमोर एक ढग येऊन उभा राहिला. त्या ढगाने मला चक्रावून टाकले. त्याची एक बाजू उबदार होती आणि दुसऱ्या बाजूचा हात गार होता. एका माणसाचे दोन ऋतू कसे असतील? मला वाटले, दोन माणसे चिकटून उभी आहेत.

तो मर्ल डिट्रिक होता. शेजारच्या इमारतीत तो आयुष्यभर लिलाव पुकारत आला होता. त्याची जीभ इतकी वेगात चालायची की गिऱ्हाईक हात खाली घ्यायच्या आत गाय विकलेली असायची, असे लोक सांगत. आदल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. म्हणजे शब्द डोक्यात होते, पण तोंडात येताना वाट चुकत. मीठ म्हणायचे असेल तर टोपी येई. त्या दिवशी त्याची मुलगी रोंडा त्याला जुन्या सोबत्यांना भेटवायला घेऊन आली होती. सोबती चांगले होते. पण तो बहिरा झाल्यासारखे ते त्याच्याशी ओरडून बोलत होते, आणि त्याच्या जागी दुसराच कोणी पुकारत होता. रोंडा कॉफी आणायला गेली तेव्हा तो तिथून निघाला आणि पहिला उघडा दरवाजा दिसला तिथे आत शिरला. तो आमचा हॉल होता.

"पांढरा बघताय?" शॉनाने विचारले. "रंग सगळेच बघतात, बाकीचं कोणी बघत नाही. मी दाखवते. नाक कोरडं हवं, त्यातून बुडबुडे नकोत. श्वास घेताना घरघर नको. पाठीचा कणा वर आलेला नको, कुठं वाकडा नको. हा पहिला घ्या. वेळेवर खातो, हातात शांत बसतो. मधलाही चांगला आहे."

मर्ल टेबलाजवळ सरकला. त्याने डाव्या हाताचे बोट माझ्यावर रोखले.

"तो?" शॉना म्हणाली. "खोटं सांगत नाही, तो घुम्या आहे. डोकं वर काढत नाही, जेवायला नाटकं करतो. पहिल्यांदाच साप घेणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये."

"खडू," मर्ल म्हणाला.

"काय?"

"खडू." त्याने स्वतःच मान हलवली. शब्द चुकला हे त्याला कळत होते, हीच तर त्याची खरी व्यथा होती. "चमचा. सोम... सोमवार." मग त्याने बोट माझ्यावरच ठेवले.

एवढ्यात रोंडा धावत आली. तिची पावले मला टेबलातून कळली.

"डॅड, सगळं मैदान पालथं घातलं मी. इथं काय करतोयस?" मग तिने मला पाहिले आणि ती एक पाऊल मागे सरली. "डॅड, तो साप आहे."

"हो."

"तुला साप पाहिजे?"

"हो."

"हे हो म्हणजे हो आहे, की हो म्हणजे नाही? परवा सूप हवं का विचारलं तर हो म्हणालास, आणि मग वाडगा ढकलून दिलास."

"हो," मर्ल म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा हुंकार टेबलापर्यंत आला. रोंडाने तो आजारपणानंतर ऐकला नव्हता, हे मला पुढे तिच्याच तोंडून समजले. त्याने कित्येक महिन्यांत काही मागितलेच नव्हते.

"एक सांगून ठेवते," शॉना रोंडाला म्हणाली. "नीट सांभाळला तर हा वीस-तीस वर्षं जगेल."

"माझ्या वडिलांचं वय दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. म्हणून तुम्हाला सांगतेय, त्यांना नाही."

अशी माझी निवड झाली. चांगले खाणारा, शांत बसणारा भाऊ शेजारीच असताना या माणसाने मला का निवडले? मी पुष्कळ विचार केला आहे. बहुधा मी पांढरा होतो म्हणून. पण तसे तर आम्ही तिघेही होतो.

मर्लचे घर म्हणजे एकाच इमारतीचा अर्धा भाग होता. मधली भिंत सामाईक, पलीकडच्या अर्ध्यात बर्निस नावाची विधवा राहत असे. तिला सापांची इतकी धास्ती होती की रोंडाने बजावून ठेवले, "बर्निसला सांगायचं नाही." मर्ल कोणाला काही सांगू शकत नव्हता, तरी तिने बजावले.

माझी काचेची पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली गेली. एका बाजूला खालून ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, लपायला एक पोकळ ओंडका, आणि पाणी. "तो जेवेपर्यंत त्याला हात लावू नका," असे शॉनाने सांगितले होते. मर्ल पेटीसमोर खुर्ची ओढून बसे. दिवसभर बसे. मी ओंडक्यातून त्याला पाहत असे. हा माणूस कशाची वाट पाहतो आहे? मला खायचे असते तर एव्हाना खाल्ले असते. खायचे नसेल, तर मग इथे बसून काय करतो?

गोठवलेला उंदीर तो गरम पाण्याच्या मगात ठेवून उबवी आणि चिमट्याने माझ्यासमोर धरी. मी तोंड फिरवी. रोंडा दर रविवारी येई. एकदा ती कपाटातून मग काढू लागली तेव्हा मर्ल घाईने म्हणाला, "गाय! गाय!" ती म्हणाली, "गाय नाही डॅड, मला कॉफी हवीय." त्याने मग तिच्या हातातून ओढून घेतला आणि उंदराचा चिमटा दाखवला. त्यानंतर ती आपला मग घरून आणू लागली.

मी जेवत नाही म्हणून मर्ल खचला. शब्द शिकवायला एक बाई येत. त्या चित्रांचे पत्ते दाखवत. कुत्रा, किल्ली, खुर्ची. मर्ल प्रत्येक पत्त्याला भलतेच काही म्हणे आणि शेवटी पत्ते टेबलावरून लोटून देई. मग तो माझ्याकडे येऊन बसे. दोघेही हट्टी, असे रोंडा म्हणे.

एका सकाळी त्याने शॉनाचे सांगणे मोडले. पेटीची जाळी सरकवली आणि डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून, एखादे गाठोडे ठेवावे तसा आत ठेवला. मग तो नुसताच बसून राहिला.

मी चेंडू झालो. पण काहीच घडले नाही. हात म्हटला की झडप असते, पकड असते, बोटांची घाई असते. या हाताला घाई नव्हती. तो गार होता. त्याच्यात नाडी होती, पण मंद. मी जीभ बाहेर काढून चाचपले. साबण, जुने कातडे, गवत. हा हात आहे की फांदी? मी गोंधळून गेलो, आणि गोंधळलो म्हणून भ्यायचे विसरलो.

असे तो रोज करू लागला. एक दिवस मी त्या हातावरून पलीकडे गेलो. त्याच्या मनगटाशी थोडा थांबलो. वरून त्याचा श्वास अडकल्याचे मला जाणवले. आपण काही चुकलो असे वाटून मी पुन्हा गुंडाळलो. पण त्याच आठवड्यात मी पहिला उंदीर घेतला. मर्लने लगेच रोंडाला फोन लावला. काय बोलला कोणास ठाऊक. ती भर कामातून धावत आली आणि तो मला दाखवत "मंगळवार, मंगळवार" म्हणत होता. मी जेवलो हे तिला माझ्या फुगलेल्या पोटावरून कळले.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झाला की साप माणसाळलेला. तसे नसते. आम्ही कुत्र्यासारखे नाही. नाव घेतल्यावर येत नाही, आणि माझे तर नावच दररोज बदलत असे. त्यातल्या त्यात खडू पुष्कळदा येई, म्हणून रोंडाने तेच धरले. माणसाळणे म्हणजे आमच्या बाबतीत एवढेच, की पुढे काय होणार हे ठाऊक असणे. आणि तेच मला पुन्हा पुन्हा चुकत होते.

एकदा जेवणाच्या वेळी त्याने चिमट्याऐवजी बोटांनी उंदीर हाताळला. मग काही आठवून त्याने तोच डावा हात पेटीत घातला. तो हात उबदार होता आणि त्याला उंदराचा वास होता. मी झेप घेतली. दात रुतले, मी त्याच्या मनगटाला वेढे घातले. मग मला जाणवले की हा उंदीर फारच मोठा आहे. आता सोडावे की धरून ठेवावे, हे मला समजेना. मर्ल हलला नाही. मी सोडेपर्यंत तो थांबला. रक्ताचे थेंब कागदावर टपटपले, तेही मला कळले.

रविवारी रोंडाने पट्टी पाहिली. "बस झालं. हा परत जाणार."

मर्लने जोराने मान हलवली. स्वतःच्या छातीवर बोट टेकवले. "मी. मी टोपी. टोपी मी."

"चूक तुझी होती असं म्हणतोयस?"

"हो."

"हे हो म्हणजे खरंच हो?"

"हो."

रोंडाने शॉनाला फोन केला. शॉना म्हणाली, "त्याला कसं कळणार, की हात आलाय की जेवण? त्याला आधी सांगा. हात धुवा, आणि उचलायच्या आधी कागदाची सुरळी हळूच अंगाला लावा. जेवण देताना लावू नका. शिकतो तो." तेव्हापासून कागद लागला म्हणजे हात, कागद नाही म्हणजे जेवण. जगाचा एवढा एकच नियम मला पक्का समजला आहे, आणि तो पाळणाऱ्यांना मी पुन्हा कधी चावलो नाही.

मग मी मर्लच्या खांद्यावर जाऊ लागलो. त्याच्या छातीवर माझा जबडा टेके. एका दुपारी त्या छातीतून अचानक तोच आवाज आला, जत्रेच्या मैदानावर यंत्रासारखा वाटलेला. भरभर, न थांबता, लयीत: "दहा दिले दहा, कोण म्हणतंय पंधरा, पंधरा दिले पंधरा, बघा हो हिचे डोळे बघा, वीस म्हणा वीस..." एक शब्द अडखळला नाही. कुत्रा म्हणता न येणारा माणूस घडाघडा बोलत होता. मी पुरता गोंधळलो. हा यंत्र गिळून बसला आहे का?

दारात रोंडा उभी होती. ती आत आली नाही. तिच्या चेहऱ्यावरून खाली जाणाऱ्या रेषा आधी गरम होत्या, मग गार. शब्द शिकवणाऱ्या बाईंना तिने हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, जे वर्षानुवर्षे पाठ झालेले असते, ते मेंदूत वेगळ्या वाटेने राहते, कधी कधी शाबूत राहते. त्यांनी पत्ते बाजूला ठेवले आणि लिलावाच्या चालीत शब्द शिकवायला सुरुवात केली. हळूहळू त्याला "पाणी" येऊ लागले, "दार" येऊ लागले. "रोंडा" आले त्या दिवशी रोंडा कामावर गेली नाही.

आता ती दुपार सांगतो. हे पुष्कळसे मला बर्निसकडून कळले, कारण ती ही गोष्ट सांगताना थकत नसे.

माझी कात सुटायला आली होती. अशा वेळी आमच्या डोळ्यांवर साय येते आणि आधीच अधू असलेली नजर पार जाते. एका हाताने जाळीची खिटी लावताना मर्लकडून ती नीट बसली नव्हती. मी सरकत बाहेर पडलो. मला पळायचे नव्हते. कुठे आहे तेच समजत नव्हते. भिंतीत नळ जायला पाडलेले भोक होते, पलीकडून ऊब येत होती. मी गेलो.

पेटी रिकामी पाहून मर्ल सगळे घर शोधून शेवटी बर्निसच्या दारात उभा राहिला.

"खडू," तो म्हणाला. "खडू गेला. खडू."

"खडू हरवला? थांब हं," बर्निस म्हणाली. तिच्या नातवंडांचे खडू खणात होते. तिने त्यातला एक आणून त्याच्या हातात ठेवला. "घे. एवढ्यासाठी रडतात होय?"

मर्ल हातातल्या खडूकडे पाहत उभा राहिला. तो जाईना, तेव्हा तिने त्याला आत घेतले. "बस तू इथं, मी वाळलेले कपडे घेऊन येते. मग रोंडाला फोन लावू," असे म्हणून ती कपडे वाळवण्याच्या यंत्रापाशी गेली. यंत्रावर नुकत्याच वाळलेल्या पांढऱ्या टॉवेलांची चळत होती. तिने वरचा टॉवेल उचलायला हात घातला, आणि टॉवेल हलला.

तिची किंकाळी मला टॉवेलांखालच्या पत्र्यातून कळली. नंतर जड पावले, लोखंडाचा खणखणाट. तिने बर्फ उपसायचे फावडे उचलले होते. माझे डोळे झाकलेले. मोठी ऊब समोर उभी, तिचे हात वर गेलेले. कागद लागला नव्हता. मग हे जेवण आहे का? मी मान उचलली.

मर्ल दारात पोचला होता. त्याला साप म्हणायचे होते, माझा म्हणायचे होते, मारू नकोस म्हणायचे होते. शब्दांची दाटी झाली असेल. आणि जे बाहेर आले ते सबंध, स्पष्ट, एकाही अडखळीविना आले.

"बर्निस, ती माझी बायको आहे."

फावडे हवेतच थांबले. दया आली म्हणून नव्हे, असे बर्निस सांगते. "मला काही समजेचना. मारायला हात उचलला आणि डोक्यात एकच घोळ, हा काय म्हणाला?"

तिने फावडे थोडे खाली घेतले. मग बर्निस म्हणाली, "मर्ल, नेल्डाला मी ओळखत होते. ती इतकी गोरी नव्हती."

मर्लच्या छातीतून हसू फुटले. बर्निस फावडे टेकवून खाली बसली आणि तीही हसू लागली, आणि मधेच दोघे रडू लागले. नेल्डा ही मर्लची बायको. तिला जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि आजारपणापासून तिच्याविषयी तो एक अक्षर बोलू शकला नव्हता. तो त्या दिवशी चुकून बोलला की बरोबर बोलला, यावर रोंडा आणि बर्निस पुढे कित्येकदा वाद घालत. मला विचाराल तर मला काहीच सांगता येत नाही. मी तर नर आहे.

त्या दिवसापासून बर्निस रोज दुपारी येऊ लागली. भाजलेला ॲपल पाय घेऊन येई, माझ्यापासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीत बसे. मला तिने कधी हात लावला नाही. "मी मर्लकडे येते, याच्याकडे नाही," असे सांगे, आणि जाताना पेटीची खिटी तपासे.

वर्षे गेली. मर्ल कधीच पूर्वीसारखा बोलू शकला नाही. पण त्याला पुरेसे शब्द मिळाले, आणि जे मिळाले नाहीत त्यांच्यासाठी तो थांबून राहायला शिकला. मग एका वसंतात गाडी आली, पुष्कळ पावले आली, आणि त्याला घेऊन गेली. खुर्ची रिकामी राहिली.

मला वाटले, तो दुकानात गेला आहे. दुकानात गेलेली माणसे परत येतात. रोंडा उंदीर देई, पाणी बदली, पण खुर्चीत बसत नसे. मी जेवण सोडले.

मग रोंडाने मला कोणाला तरी देऊन टाकायचे ठरवले आणि एक गृहस्थ मला पाहायला आले. त्यांच्याकडे पुष्कळ पांढरे साप होते. त्यांचे हात स्वच्छ होते, पकड अनुभवी होती. "उत्तम रंग आहे," ते म्हणाले. "एक डाग नाही. वयस्कर आहे, पण पैदाशीला चालेल. मला आवडला." त्यांनी मला उचलले ते काही न सांगता. माझा चेंडू झाला. असे मला पुष्कळ वर्षांत झाले नव्हते.

रोंडा पेटीजवळ आली. "तुम्हाला तो का आवडला?" तिने विचारले.

ते जरा गोंधळले. "म्हणजे? पांढरा आहे ना."

"सॉरी," रोंडा म्हणाली. "तुमची फेरी वाया गेली. तो जायचा नाही."

ते वाईट नव्हते. त्यांच्याकडे मला काही कमी पडले नसते. रोंडाला सापांची भीती वाटत असे, अजूनही थोडी वाटते. तिने मला का ठेवून घेतले, हे तिचे तिलाही नीट सांगता येत नाही. बर्निसने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मलाही माहीत नाही गं. तू विचारू नकोस."

ते गृहस्थ गेल्यावर तिने खुर्ची पेटीजवळ ओढली आणि पहिल्यांदाच बसली. "डॅड गेला," ती मला म्हणाली. "परत येणार नाही. तुला कोणी सांगितलंच नाही ना?" मी या वाक्याचा आवाज पुष्कळ दिवस जबड्यात घोळवला. गेला हे समजते. परत येणार नाही, हे कसे समजून घ्यायचे, ते तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर मला सांगा.

मित्रांनो, बाजारात जाल, तर एखादा दुर्मीळ, देखणा प्राणी तुम्हालाही मोहात पाडील. रंग बघा, त्याला माझी हरकत नाही. रंगानेच मला घर मिळवून दिले. पण घेण्याआधी स्वतःला विचारा, हा खाणार नाही तेव्हा मी थांबेन का, हा चावेल तेव्हा चूक कोणाची हे शोधेन का, आणि मी नसेन तेव्हा याच्याजवळ कोण बसेल. उत्तर सापडले नाही, तर फोटो काढा आणि घरी जा. आम्हाला राग येणार नाही.

रोंडा आता रोज कामावरून आली की थोडा वेळ बसते. कागदाची सुरळी माझ्या अंगाला लावते, पण उचलत नाही, एवढा धीर तिला अजून आलेला नाही. वडिलांशी बोलायचे राहून गेलेले ती माझ्याशी बोलते. त्यातले निम्मेअधिक मला कळत नाही. ती मधेच थांबते, शब्द शोधते, पुन्हा सुरू करते. मी ओंडक्यातून डोके बाहेर काढून ठेवतो, आणि तिचे बोलून होईपर्यंत आत घेत नाही.